शिध्याचा तराजू आणि राष्ट्राची प्रकृती

महिन्याच्या आरंभी आपल्या गावच्या रास्त भाव दुकानापुढे वाचकांनी अर्धी घटका उभे राहून पाहावे. रांग लागलेली असते. यंत्रावर अंगठा टेकला जातो. उमटला तर ठीक, न उमटला तर म्हातारी पदराने बोट पुसून तो पुनः टेकते. मग तराजूत धान्य पडते, पिशवीचे तोंड बांधले जाते आणि माणूस घरची वाट धरतो. प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबास एकंदर ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून तेही विनामूल्य. या देशात ऐंशी कोटींच्या आसपास माणसांच्या घरी या वाटेने धान्य पोहोचते. एवढे मोठे काम सरकार करते याबद्दल त्यास श्रेय दिले पाहिजे, व आम्ही ते मोकळ्या मनाने देतो.

परंतु श्रेय देऊन झाल्यावर एक प्रश्न विचारणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे. त्या तराजूने आपण मोजतो काय? आपण वजन मोजतो. पोषण मोजत नाही. पिशवीत तांदूळ व गहू असतात. क्वचित एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या हंगामात ज्वारी येते. डाळ नसते, तेल नसते, शेंगदाणा नसतो. पोटाची आग विझविण्यापुरते धान्य देऊन सरकारने आपले काम संपले असे मानावे, आणि त्या धान्यावर वाढणाऱ्या मुलाची हाडे कशाने बनावी व त्याच्या आईच्या रक्तात लोह कोठून यावे याचा विचार ज्याने त्याने आपल्यापुरता करावा, अशी ही व्यवस्था आहे. ही व्यवस्था अपुरी आहे आणि ती बदलणे शक्य आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. घटनाकारांनी येथे धान्य हा शब्द योजिला नाही, पोषण हा शब्द योजिला, हे ध्यानात घ्यावे. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याच्या दीर्घ नामाभिधानातही अन्नसुरक्षेच्या जोडीस पोषणसुरक्षा आहे. नावात पोषण आहे. पण शिधापत्रिकेवर जो हक्क दिला तो केवळ तृणधान्याचा दिला. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? कायद्याच्या मस्तकावर जो शब्द शोभेस बसविला तो त्याच्या पोटात कोठे तरी उतरला पाहिजे, ही अपेक्षा अवास्तव खास नव्हे.

असे का झाले, हे समजून घेतल्यावाचून दोष देणे अन्यायाचे होईल. आपले अन्नधोरण दुष्काळाच्या भयातून जन्मास आले. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा तीस लाखांपर्यंत नेला आहे. स्वातंत्र्यानंतरही अमेरिकेच्या गव्हाची जहाजे कधी लागतात याकडे दिल्लीस डोळे लावून बसावे लागे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी गिळली. ती चव अजून ज्यांच्या जिभेवर आहे असे वृद्ध घरोघरी आहेत. अशा काळात धान्याचे कोठार भरणे हेच राष्ट्राचे पहिले काम होते. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ निघाले, त्याच साली शेतमालाच्या किमती ठरविण्यासाठी आयोग नेमला गेला, गहू व तांदळाच्या सुधारलेल्या जाती आल्या, आणि कोठारे भरली. उपासमारीवर मिळविलेला हा विजय लहान नव्हता. पण एका रोगावर दिलेले औषध तो रोग हटल्यावरही त्याच मात्रेने चालू ठेवावे, आणि दुसरा रोग उघड दिसत असता त्याकडे पाहू नये, याला शहाणपण म्हणत नाहीत.

तो दुसरा रोग कोणता? सरकारचेच आकडे घ्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने उंचीने खुरटलेली होती व १९.३ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी होती. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत ६७.१ टक्क्यांस रक्तक्षय होता. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत तो ५७ टक्के होता. आधीच्या पाहणीत तो ५३.१ टक्के होता. म्हणजे तो कमी न होता वाढला. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांत ज्यांस पुरेसा व विविध आहार मिळत होता अशांचे प्रमाण अवघे ११.३ टक्के. महाराष्ट्र पुढारलेला प्रांत म्हणून आपण मिरवितो, येथेही ३५.२ टक्के मुले खुरटलेली व २५.६ टक्के हडकुळी निघाली. हडकुळेपणात पुढारलेला महाराष्ट्र देशाच्या सरासरीहून मागे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या बाजूस त्याच पाहणीत चोवीस टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जाड आढळल्या. मधुमेह झालेल्यांची संख्या देशात दहा कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ साली दाखविले. भारतीय माणूस आपल्या आहारातील उष्मांकांपैकी बासष्ट टक्क्यांच्या आसपास पिष्टमय पदार्थांतून घेतो, असेही त्याच अभ्यासातून पुढे आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तृणधान्यांचा वाटा पंचेचाळीस टक्क्यांवर जाऊ नये असे सांगून, देशातील एकंदर रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज दिला आहे. हडकुळे मूल आणि मधुमेही बाप हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत असे वरकरणी वाटते. वस्तुतः ती एकाच ताटाची दोन फळे आहेत. त्या ताटात भाताचा डोंगर आहे आणि डाळीचे पाणी आहे.

हे ज्ञान नवीन आहे, म्हणून सरकारास अवसर द्यावा, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमन नावाच्या डच डॉक्टराने पाहिले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचे मर्म त्यातून उलगडले व १९२९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच देशात, निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे, रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी उंदरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार देऊन त्यांची वाढ ताडून पाहिली. पंजाबातील शिखांच्या आहारावरील, म्हणजे कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाजी यांवरील उंदीर उत्तम वाढले. केवळ सडलेल्या तांदळाचा भरणा असलेल्या आहारावरील खुरटले. त्या काळच्या इंग्रजांनी यावरून लढवय्या व बिनलढवय्या जातींचे तर्क बांधले, ते आपण टाकून द्यावे. पण ताट बदलले की देह बदलतो, हा त्यातील सिद्धांत टाकून देण्याजोगा नाही. कुन्नूरची तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादेस गेली व तिची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. म्हणजे ज्ञान आपल्या घरात शंभर वर्षे नांदत आहे. उंबरठा ओलांडून ते शिध्याच्या दुकानात मात्र गेले नाही.

येथे महाराष्ट्रापुरती एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. हा प्रांत मुळात भाकरीचा. सोलापूर, नगर, मराठवाडा येथे ज्वारी, खानदेश व पश्चिमेकडील कोरड्या तालुक्यांत बाजरी, कोकण व सह्याद्रीच्या उतारावर नाचणी. भात सणाचा अथवा पाहुण्याचा. सरकारने हमीभाव पुष्कळ पिकांना जाहीर केला, पण खरेदीची खात्री मुख्यतः गहू व तांदूळ यांनाच दिली. जे विकत घेतले तेच वाटले, जे वाटले तेच लोकांच्या चुलीवर चढले, आणि जे चुलीवर चढत नाही ते शेतात कोण पेरणार? देशात १९६० च्या सुमारास एक कोटी ऐंशी लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होत असे. आज ती पन्नास लाख हेक्टरांहूनही कमी जमिनीवर उरली आहे. सोयाबीन, ऊस, कापूस यांच्या पैशाचा व भाकरी थापण्याच्या श्रमाचाही यात वाटा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण फुकट तांदळाशी पैसे देऊन घ्यावयाच्या ज्वारीने स्पर्धा कशी करावी?

आणि या बदलात गमावले काय, तेही पाहावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहा मिलिग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमदेखील नाही. बाजरीतील सगळेच लोह अंगी लागत नाही, हे खरे. पण सोबत लिंबाची फोड, कच्चा कांदा, मोड आलेली मटकी असली म्हणजे ते अधिक लागते, आणि ही सोबत आपल्या आजीच्या ताटात होती. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून, तेही भारताच्याच प्रस्तावावरून, पाळले. मेजवान्या झाल्या, प्रदर्शने झाली, श्रीमंतांच्या दुकानी नाचणीची बिस्किटे चकचकीत वेष्टनात येऊन बसली. जी नाचणी गरिबाच्या घरातून गेली ती श्रीमंताच्या घरी पथ्य म्हणून शिरली. गरिबाच्या पिशवीत मात्र ती परत आली नाही.

शिध्याच्या व्यवस्थेतून राष्ट्राची प्रकृती सुधारता येते काय, अशी ज्यांस शंका असेल त्यांनी इंग्लंडाचा इतिहास पाहावा. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होऊ पाहणारे तरुण शरीराने इतके निकृष्ट निघाले की, त्या राष्ट्राने चौकशी समिती बसविली. तिचा अहवाल १९०४ साली आला आणि १९०६ साली गरीब शाळकरी मुलांस जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांस देणारा कायदा झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवीत असता, अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन व त्यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांनी शिध्याचा हिशेब केवळ पौंडात केला नाही. शरीराच्या गरजेत केला. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस आणि लहान मुलांस रोज दूध, तेही परवडेल अशा दराने किंवा फुकट. मुलांस संत्र्याचा रस व माशाच्या यकृताचे तेल. पिठात कोंडा अधिक ठेवण्याची सक्ती व वर चुना मिसळणे. परिणाम असा की, युद्धाच्या टंचाईत तेथील बालमृत्यूचे प्रमाण उलट घटले. त्याच साम्राज्याच्या छत्राखाली त्याच वर्षांत बंगाल उपाशी मेला, हे आम्ही विसरत नाही. पण म्हणूनच त्यातील धडा अधिक कडू व अधिक खरा आहे. प्रकृती ही केवळ संपत्तीने ठरत नाही. राज्यकर्ता कोणाच्या मुलांस आपली समजतो, यावरही ती ठरते.

परदेशाचे उदाहरण नको असेल तर शेजाऱ्यांकडे पाहावे. तमिळनाडू आपल्या शिधापत्रिकांवर स्वस्त तूरडाळ व तेल देत आले आहे, शाळेच्या जेवणात तेथे अंडे असते, आणि २०२२ पासून शाळेतील मुलांस सकाळची न्याहारीही देण्यास तेथे आरंभ झाला. कर्नाटकाने दक्षिणेत नाचणी व उत्तरेत ज्वारी शिध्यात आणली. छत्तीसगडाने २०१२ साली स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा करून आदिवासी भागात चणा देण्याची सोय केली. ओडिशाने २०१७ साली भरडधान्यांची मोहीम काढली, आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी घेतली व अंगणवाडीतील मुलांच्या हातावर तिचे लाडू ठेवले. ही राज्ये आपल्याहून श्रीमंत आहेत काय? यांतील दोन तर निश्चितच नाहीत. आणि केंद्र सरकारानेही २०२० साली, साथीच्या ऐन कहरात, एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत दर कुटुंबास महिन्यास एक किलो डाळ अथवा चणा दिलाच की नाही? टाळेबंदीत, प्रवासी रेल्वे बंद असता, जी डाळ गावोगाव पोहोचली ती सुखाच्या दिवसांत पोहोचत नाही, याचे कारण वाहतुकीत शोधून सापडणार नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीस आनंदाचा शिधा म्हणून चणाडाळ, रवा, साखर व तेल दिले गेले. लोकांस आनंद झाला यात संशय नाही; पण रक्तास लोह व स्नायूस प्रथिन केवळ सणाच्या दिवशीच लागते, असे कोणत्या वैद्यकात लिहिले आहे?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप पैशाचा. डाळ तांदळाहून महाग आहे, हे उघड आहे. पण खुरटलेले मूल शाळेत मागे पडते, मोठेपणी कमी कमावते. रक्तक्षय झालेली माता कमी वजनाचे मूल प्रसवते. चाळिशीत मधुमेह झालेला कारागीर औषधांपायी कर्जात बुडतो. हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो होत नाही असे नव्हे. तो गरिबाच्या घरातून वसूल होतो, एवढाच फरक. शिवाय विदर्भ व मराठवाडा हे तूर व हरभरा पिकविणारे प्रदेश आहेत. त्यांची डाळ हमीभावाने घेऊन त्यांच्याच तालुक्यातील दुकानांतून दिली, तर एकाच पैशाने शेतकरी व मूल ही दोन्ही तरतील.

दुसरा आक्षेप असा की, लोकांनाच पांढरा तांदूळ आवडतो. ज्वारी दिली तर ते विकून टाकतील. लोकांच्या आवडीचा आम्ही मान राखतो. म्हणून कोणाच्या गळी काही उतरवावे असे आमचे म्हणणे नाही, निवड द्यावी. आज निवडच नाही. ज्या सोलापुरी माणसाने ज्वारीवर देह पोसला त्यास तांदूळ घे नाहीतर रिकामा जा, असे सांगून पुन्हा त्याच्या आवडीचा दाखला देणे, हा न्याय नव्हे. तांदळातच लोह मिसळून देण्याची योजना सरकारने २०२१ साली जाहीर केली व २०२४ पर्यंत ती सर्वत्र नेली. हेतू चांगला असेल. पण एकट्या तांदळाने रक्तक्षय हटतो, असा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. पी हळद आणि हो गोरी, अशा उपायांनी शतकाचे दुखणे जात नाही.

तिसरा आक्षेप अंड्याचा, व तो अधिक नाजूक आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने शाळेच्या भोजनात आठवड्यास एक अंडे, व न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. विरोध झाला. २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठी स्वतंत्र पैसा देणे थांबवून, द्यावयाचे तर लोकवर्गणीतून द्यावे, असे शाळांस कळविले गेले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिन असते, त्यात भेसळ करता येत नाही, आणि खिचडीत डाळ किती घातली हे मुलास कळत नसले तरी हातात अंडे आले की नाही हे त्यास बरोबर कळते. ज्यांस धर्माने अंडे वर्ज्य आहे त्यांच्या मुलावर ते कोणी लादू नये; त्यास दूध द्या, केळे द्या, शेंगदाण्याचा लाडू द्या. पण ज्याच्या घरी अंडे चालते, परंतु परवडत नाही, त्याच्या मुलाच्या ताटातून दुसऱ्याच्या सोवळ्याने ते काढून घ्यावे, हा कोठला धर्म? याच राज्याने २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने आदिवासी भागात जी अमृत आहार योजना काढली, तिच्यात गरोदर स्त्रीस एक वेळचे ताजे जेवण व बालकास अंडे अथवा केळे देण्याची सोय केली. जे मेळघाटात योग्य तेच शहराच्या झोपडपट्टीत अयोग्य कसे ठरावे?

सरकारास एवढे सुनावल्यावर आपल्या स्वतःच्या घराकडे न पाहणे हा भित्रेपणा होईल. महाराष्ट्रात स्त्रियांतील रक्तक्षय ५४.२ टक्के व पुरुषांतील २१.९ टक्के आढळला. मासिक पाळी व बाळंतपण यांमुळे स्त्रीस लोह अधिक लागते, हे शरीरशास्त्र सांगते. मग अधिक लोह लागणाऱ्या माणसाने सर्वांच्या मागून, उरलेसुरले, भांड्याच्या तळाचे खावे, हे कोणते शास्त्र सांगते? घरातील कर्ता व मुलगे आधी जेवतात, डाळीतील घट्ट भाग त्यांच्या वाटीत जातो, आणि सुनेच्या वाट्यास पाणी व खरवड येते. ही रीत कोणत्याही सरकारने केलेली नाही, ती आपण केली आहे. आणि ती मोडण्यास ना कायदा लागतो ना अंदाजपत्रक. सगळ्यांनी एका पंक्तीस बसावे, एवढेच लागते. शंभर वर्षांपूर्वी मुलींस शाळेत पाठविणे हा वादाचा विषय होता. आज शाळेत गेलेली मुलगी घरी येऊन शेवटी जेवते, हा वादाचा विषयही होऊ नये, याची आम्हांस लाज वाटते.

सारांश, आमची मागणी चार गोष्टींची आहे. शिधापत्रिकेवर दरमहा डाळ व तेल यांचा कायम हक्क द्यावा. सणाची भेट म्हणून नव्हे. त्या त्या प्रदेशातील ज्वारी, बाजरी, नाचणी सरकारने हमीभावाने घेऊन तेथेच वाटावी व घेणाऱ्यास निवड द्यावी. शाळा व अंगणवाडी यांतील ताटात अंडे, आणि न खाणाऱ्यास तोलामोलाचा पर्याय, सरकारी खर्चाने असावा. आणि किती टन धान्य उचलले, या हिशेबासोबत दर तालुक्यात किती मुलांची उंची वाढली व किती स्त्रियांच्या रक्ताची स्थिती सुधारली, हा हिशेबही वर्षास एकदा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावा.

पुढच्या महिन्यात ती म्हातारी पुनः रांगेत उभी राहील, पदराने बोट पुसील व यंत्रावर टेकील. यंत्र तिची ओळख पटवील आणि तराजू तिचे वजन बरोबर देईल. त्या पिशवीतून तिच्या नातीच्या अंगी काय लागेल, हे विचारणारे मात्र त्या दुकानात कोणी नाही. ते विचारण्याचे काम मतदारांचे आहे, आणि ते आजच आरंभिले पाहिजे. कारण मुलाची उंची वाढण्याची वर्षे सरकारी फायलीच्या सोयीने थांबून राहत नसतात.